घरभेटीच्या पाच खिडक्या

मित्रांनो, मला हातपाय नाहीत, रंग नाही आणि वजनही नाही. मी एक प्रोग्रॅम आहे, आणि आमच्या जमातीच्या मानाने चांगला म्हातारा. कोणी नवा कोड लिहायला बसले, की त्याची सुरुवात लिहून द्यायची, हे माझे काम.

माझा जन्म नॉर्वेतल्या मोल्डे गावात, फ्योर्ड म्हणतात त्या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या काठी, एका जुन्या मासळीच्या गोदामात झाला. आता तिथे मासळी नसते. वरच्या मजल्यावर एक लहानशी कंपनी आहे आणि ती नगरपालिकांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पावसाळी हवेत अजूनही फळ्यांमधून खारट वास येतो, असे तिथली माणसे म्हणतात. मला नाक नाही, त्यामुळे मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

मला टोरुनने घडवले. टोरुन पन्नाशीची बाई. मीटिंगमध्ये ती विणकाम करत बसे आणि तिचे लक्ष नाही असे वाटून कोणी काही ढिसाळ बोलले, की सुया न थांबवता त्याला धरत असे. कंपनीचे मुख्य काम परिचारिकांचे होते. ज्या म्हाताऱ्या माणसांना एकट्याने सगळे जमत नाही, त्यांच्या घरी या परिचारिका जातात, औषध देतात, जखम धुतात, दोन शब्द बोलतात. कोणी कधी कुठे जायचे हे त्यांच्या फोनमध्ये दिसते. फोनमधल्या अ‍ॅपला त्यासाठी कंपनीच्या मोठ्या संगणकाशी बोलावे लागते आणि हे बोलणे ठरलेल्या खिडक्यांतून चालते. पोस्टात तिकिटांची खिडकी वेगळी, पार्सलची वेगळी, तसेच. अशा खिडक्यांना ती माणसे एपीआय म्हणतात.

ज्या कशाची नोंद ठेवायची, त्याला पाच खिडक्या लागतात. एक सगळ्या नोंदी दाखवणारी, एक हवी ती नोंद दाखवणारी, एक नवी घालणारी, एक बदलणारी आणि एक काढून टाकणारी. परिचारिकेला पाच, तिच्या गाडीला पाच, रुग्णाच्या घराच्या किल्लीला पाच, औषधाला पाच. टोरुन हे सगळे हाताने लिहीत होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिचा बांध फुटला.

"मी टायपिस्ट आहे का रे?" ती शेजारच्या आयविंडला म्हणाली. "काल 'गाडी' लिहिली, आज 'किल्ली' लिहितेय. नाव सोडलं तर काडीचा फरक नाही."

आयविंड तेव्हा कंपनीत नवा होता. हुशार, बोलका आणि सतत घाईत. ब्रेडवर तपकिरी चीजचा काप ठेवत तो म्हणाला, "मग कालचं उचल नि आज चिकटव. हाय काय नि नाय काय."

"तेच तर केलं. सकाळपासून किल्लीच्या खिडकीतून गाड्या बाहेर पडतायत."

आयविंडच्या घशात ब्रेड अडकेपर्यंत तो हसला. टोरुन हसली नाही. तिने विणकाम पिशवीत कोंबले आणि मला लिहायला घेतले.

तिने माझे नाव स्टिलास ठेवले. त्यांच्या भाषेत स्टिलास म्हणजे परांची. भिंत बांधताना गवंडी उभे राहायला जी बांधतात ती. काळ्या पडद्यावर माझे नाव लिहायचे, पुढे एक शब्द टाकायचा, 'किल्ली' म्हणा, 'जखम' म्हणा, की मी पाची खिडक्यांचा कोड मांडून देत असे. शिवाय त्या खिडक्या नीट चालतात का हे पाहणाऱ्या छोट्या चाचण्याही लिहून देत असे. टोरुनचे एकेक दिवसाचे काम माझ्याकडून एका श्वासात होई. श्वास तिचा; मी घेत नाही.

पण तिने माझ्यात एक खोड मुद्दाम घातली होती. प्रत्येक खिडकीच्या तोंडाशी मी एक ओळ सोडत असे: 'इथून कोणाला आत घ्यायचे? उत्तर लिहा, मग ही ओळ पुसा.' ती ओळ असेपर्यंत खिडकी कोणालाच दाद देत नसे. माझ्याच चाचण्या माझ्याच कामाला नापास करत आणि पडदा लालेलाल होई.

"मला गाड्यांबद्दल काय कळतं?" असे टोरुन म्हणत असे. "आणि या बिचाऱ्याला तर त्याहून कमी. कोणाला आत घ्यायचं हे कामावरच्या माणसाला विचारून यायचं. ते आधी लिहून ठेवता येत नाही."

ती वर्षे चांगली गेली. परिचारिका वाढल्या, बेटांवरच्या नगरपालिका गिऱ्हाईक झाल्या. कंपनीचा प्रमुख स्वेर्रे पाहुण्यांना मला दाखवी. "हा आमचा सगळ्यात कामसू माणूस," तो म्हणे. "कॉफी मागत नाही, सुट्टी मागत नाही, स्की करताना पाय मोडून घेत नाही." मला अभिमान वाटला असे मी म्हणणार नाही, पण माझे नाव वारंवार लिहिले जात होते आणि माझ्यासारख्याला तेवढे पुरते.

आयविंडला मात्र ती लाल ओळ सलत होती.

"टोरुन, काढून टाकूया ना ती," तो एकदा म्हणाला. "समोर गिऱ्हाईक बसलंय, मी ऐटीत दाखवायला जातो, नि तुझा स्टिलास म्हणतो आधी उत्तर द्या. नाक कापलं जातं माझं."

"मग उत्तर दे."

"देतोच की. नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"तू ना, अगदी माझ्या आईसारखी बोलतेस."

"बाई शहाणी दिसते. ओळ राहील."

ओळ राहिली. पुढे टोरुनच्या लेकीला जुळी झाली आणि टोरुन हिवाळाभरासाठी तिच्याकडे ट्रोम्सोला गेली. मी आयविंडच्या हाती आलो.

मित्रांनो, आयविंड वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. त्या हिवाळ्यात एका बेटावरच्या नगरपालिकेला नवे अ‍ॅप हवे होते. आपल्या आईवडिलांकडे परिचारिका कधी येणार, कधी येऊन गेली, हे दूर राहणाऱ्या मुलांना फोनवर दिसावे, अशी त्यांची मागणी होती. मागणी चांगलीच होती. स्वेर्रेने शाळांच्या हिवाळी सुट्टीच्या आत ते देण्याचा शब्द देऊन टाकला. आयविंडकडे कामाचा डोंगर होता आणि प्रत्येक नव्या नोंदीपाशी मी त्याला अडवत होतो. एका दुपारी त्याने मला उघडले आणि ती ओळ बदलली. नकार देण्याऐवजी, ज्याने म्हणून आपल्या नावाने प्रवेश केला आहे त्या प्रत्येकाला मी आत घेऊ लागलो. ओळीच्या जागी त्याने एक फिकट टीप ठेवली: 'नंतर: परवानगी तपासणे.' अशा टिपा प्रोग्रॅम चालताना कोणी वाचत नाही. त्याचा हेतू खरोखरच नंतर तपासण्याचा होता.

मग त्याने माझ्यापुढे शब्द टाकला, 'घरभेट'. मी पाच खिडक्या मांडल्या आणि चाचण्याही मांडल्या. खिडक्या माझ्या, परीक्षा माझी, आणि उत्तीर्णही मीच. पडदा हिरवागार झाला. अ‍ॅप वेळेत गेले. त्या शुक्रवारी ऑफिसात जाळीदार गोड वाफल भाजले आणि स्वेर्रेने आयविंडच्या पाठीवर थाप मारली.

अ‍ॅपमध्ये प्रत्येक भेटीचे एक कार्ड दिसे. बोटाने डावीकडे सरकवले, की ते कार्ड निघून जाई. जुनी कार्डे नजरेआड करायला ही सोय होती. पण ती जोडली होती माझ्या पाचव्या खिडकीला, काढून टाकणाऱ्या. परिचारिकेचे अ‍ॅप आणि नातेवाइकांचे अ‍ॅप यांच्यात फरक करायचा, हे त्या खिडकीला कोणी सांगितलेच नव्हते.

त्या बेटावर पेडर नावाचे गृहस्थ राहत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली. गुडघे गेले होते, पण घर सोडायला तयार नव्हते. रोज सकाळी ओड्नी नावाची परिचारिका त्यांच्याकडे जाई. ओड्नी एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी होती. त्यांचा मुलगा ओस्लोत असे. सुट्टीत तो बायकामुलांसह डोंगरातल्या लाकडी घरी गेला होता. स्कीचे बूट चढवता चढवता त्याने फोन पाहिला आणि पडद्यावरची गर्दी बोटाने सरकवून टाकली. त्यात दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे कार्डही होते. कार्ड गेले, आणि त्याबरोबर ती भेटही गेली.

सकाळी ओड्नीच्या फोनमध्ये पेडरांचे नाव नव्हते. तिला त्यात नवल वाटले नाही. सुट्टीचा आठवडा, मागच्या वर्षीही मुलगा आला होता, यंदाही आला असेल. ती त्यांच्या घराखालच्या रस्त्याने गाडी घेऊन गेली. स्वयंपाकघरात दिवा दिसला. उठलेत सगळे, असे म्हणून ती पुढे निघाली.

दिवा पेडरांनीच लावला होता. कॉफी करायला म्हणून ते उठले आणि चुलीपाशी पाय घसरून पडले. खुबा मोडला. हाक मारली तरी ऐकणारे कोणी नव्हते आणि फोन पलंगापाशी राहिला होता. चुलीतली लाकडे जळून गेली. त्यांनी कसाबसा खाली अंथरलेला गालिचा अंगावर ओढला आणि त्यात ते पडून राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची भेट जागेवर होती. ओड्नीने दार उघडले तेव्हा पेडरांचे ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती.

"आज उशीर केलास," ते म्हणाले.

रुग्णवाहिका-बोट त्यांना घेऊन गेली. बोटीने किनाऱ्याचा धक्का सोडल्यावर ओड्नीने कंपनीत फोन लावला. तो आयविंडने उचलला.

"मी ओड्नी, बेटावरून. काल पेडरची भेट माझ्या फोनमध्ये का नव्हती?"

"थांब, बघतो." बोटे चालली. "काढलेली दिसतेय. त्यांच्या मुलानं."

"मुलाला काढता येते?"

आयविंडने ती नोंद पुन्हा उघडून पाहिली.

"अरे, मी काय विचारतेय? नातेवाइकाला माझी भेट काढून टाकता येते?"

"येते," तो म्हणाला. "यायला नको होती."

"मी त्या घरावरून गेले काल. दिवा बघून पुढे गेले मी." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

स्वेर्रेने सगळ्यांना बोलावले. टोरुन ट्रोम्सोहून पडद्यावर आली, एक बाळ खांद्यावर टाकून.

"हे कोणी लिहिलं?" स्वेर्रेने विचारले.

"स्टिलासनं," आयविंड म्हणाला. "म्हणजे, कोड स्टिलासनं मांडला. मी फक्त शब्द टाकला."

मित्रांनो, मला तोंड असते तरी मी काय बोललो असतो? त्याचे म्हणणे तसे खरेही होते. घरभेटीच्या खिडक्यांचे एकही अक्षर त्याने हाताने लिहिले नव्हते.

टोरुन बाळाची पाठ थोपटत होती. "आयविंड," ती म्हणाली, "फाइल उघड. खिडकीच्या तोंडाशी एक ओळ असायची. कुठाय?"

"मी बदलली."

"का?"

"घाई होती."

"हं." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले. "आधी खिडक्या बंद कर. तू ओळ बदललीस तेव्हापासून जेवढ्या मांडल्यास तेवढ्या सगळ्या. अ‍ॅप बंद पडलं तर पडू दे. रागावायला मी नंतर मोकळी आहे."

आयविंडने खिडक्या बंद केल्या. घरभेटींबरोबर औषधांच्या, किल्ल्यांच्या आणि फोन नंबरांच्या खिडक्याही तशाच सताड उघड्या सापडल्या. मुलाच्या जागी कोणीही असू शकले असते.

"वकिलाशी बोलून आपण त्या कुटुंबाला पत्र पाठवू," स्वेर्रे म्हणाला.

"पत्र पाठव तू," आयविंड म्हणाला. "पण मी जाऊन येतो."

"काय बोलणार आहेस?"

"ते अजून ठरवलं नाही."

पेडर मोल्डे गावातल्याच रुग्णालयात होते. तिथे काय घडले ते आयविंडने परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर सांगितले. डबा त्याच्यापुढे तसाच बंद होता.

पेडरांनी चष्म्यावरून पाहिले. "तू कोण? नवा व्यायामवाला?"

"नाही. तुमची भेट ज्या प्रोग्रॅममुळे गेली, तो आमचा. अर्धा मी केला, अर्धा एका यंत्रानं."

"मग ते यंत्र कुठाय? नाही आलं?"

"नाही."

"मोठे लोक. तू बस."

आयविंड बसला. त्याने सगळे सांगितले, लाल ओळीसकट. पेडर छताकडे बघत ऐकत होते.

"ओड्नी भूगोलात कच्ची होती," ते शेवटी म्हणाले. "डेन्मार्क दाखव म्हटलं तर आइसलँडवर बोट ठेवायची. पण माझं घर कधी चुकली नाही. तू चुकवायला लावलंस तिला."

"हो."

"मी चिडलोय, बरं का. पडल्या पडल्या फार उत्साह नाही, म्हणून आवाज चढवत नाही एवढंच." मग त्यांनी दाराकडे हात केला. "बाहेर माझा मुलगा आहे. त्याला हे सांगितलंस?"

"त्यांना माहीत आहे की कार्ड त्यांनीच..."

"तेच तर म्हणतोय. त्याला तेवढंच माहीत आहे. रोज येतो, माझे मोजे सरळ करतो, उशी हलवतो, आणि माझ्याकडे बघत नाही. त्याला वाटतंय त्यानं बापाला मारलंच होतं. मी सांगितलं तर म्हणतो, बाबा, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलता. माझ्याकडून त्याला पटत नाही. जा."

मुलगा कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. आयविंडपेक्षा वयाने बराच मोठा. हातातला कप भरून वाहत होता आणि त्याचे लक्ष नव्हते.

"तुम्ही कार्ड सरकवलंत," आयविंड म्हणाला. "त्यावर 'नाही' एवढं उत्तर यायला हवं होतं. तुम्हाला ते काढता येणार नाही, असं फोननं सांगायला हवं होतं. ते उत्तर होतं तिथे. मी काढून टाकलं."

"तू?"

"मी. नाव आयविंड."

मुलाने कप खाली ठेवला. आयविंडला वाटले, आता हा हात उचलणार. मुलगा भिंतीला टेकत खालीच बसला, कोपर गुडघ्यावर ठेवून, आणि तोंड बाहीत खुपसून रडला. आयविंड शेजारी जमिनीवर बसून राहिला. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "हे तू माझ्या बायकोलाही फोन करून सांगशील? तिला वाटतं मी झोपेत असल्यासारखा बोटं फिरवतो."

"सांगतो."

"आणि मी अजून चिडलेलो आहे तुझ्यावर."

"तुमचे वडीलही तेच म्हणाले."

मुलगा उठला, आत गेला. दाराच्या काचेतून आयविंडला दिसले, की या खेपेला त्याने मोज्यांना हात लावला नाही. खुर्ची ओढून तो बापाच्या डोक्याशी बसला.

एवढे सांगून आयविंडने डबा बाजूला सारला. मग स्वेर्रे म्हणाला, "तो स्टिलास टाकून द्या. मला तो नको इथे."

"टाकला तर मी परत जुनं उचलून चिकटवायला लागेन," आयविंड म्हणाला. "आणि माझी घाई तशीच राहील. त्यापेक्षा मला तो दुरुस्त करू दे."

त्याने मला पुन्हा उघडले. लाल ओळ परत आली. एवढेच नव्हे, तर उत्तराशेजारी ते कोणाला विचारून लिहिले त्या माणसाचे नाव लिहिल्याशिवाय खिडकी उघडणार नाही, असे त्याने मला शिकवले. टोरुन वसंतात परतली, तिने सगळा बदल वाचला, एका जागी त्याचे शुद्धलेखन सुधारले आणि विणकाम काढून बसली. तिची रागावायची पाळी होती, पण ती रागावली नाही. आयविंडला ते जास्त लागले असावे.

पेडरांचा खुबा शस्त्रक्रियेने जोडला, पण ते बेटावरच्या घरी परत राहायला गेले नाहीत. मुख्य भूमीवर म्हाताऱ्यांच्या निवासात त्यांना खोली मिळाली. खिडकीतून वाहनतळ दिसतो, असे ते तक्रारीने सांगतात. घर विकले गेले. ओड्नी अजून त्या रस्त्याने गाडी घेऊन जाते. फोनमध्ये एखादे नाव अचानक दिसेनासे झाले, तर ती आता दार वाजवून बघते आणि मग कार्यालयाला कळवते. चूक तिची नव्हती, तरी ती सवय तिला लागली ती लागलीच.

आता माझे दिवस सरत आले आहेत. बोललेले समजून सगळा कोड लिहून देणारी नवी यंत्रे आली आहेत. माझ्यापेक्षा ती हुशार आहेत. माझ्या पाच खिडक्या त्यांच्यापुढे पोरखेळ. नव्या लोकांना माझे नावही माहीत नसते. महिनेच्या महिने मला कोणी हाक मारत नाही. याचे दुःख मानावे असा मी घडलेलो नाही. परांची कधीतरी उतरवायचीच असते.

मित्रांनो, एक मागणे आहे. तुम्हाला पुढे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले मदतनीस मिळतील. ते तुमच्या कामाची सुरुवात करून देतील, कदाचित शेवटही करून देतील, आणि सगळे हिरवेगार दिसेल. त्यांचा उपयोग जरूर करा. पण हाती आलेले वाचा. ज्याच्यासाठी ते काम आहे, त्या माणसाला जाऊन विचारा. आणि कुठे काही बिघडले, तर 'यंत्रानं केलं' म्हणून मोकळे होऊ नका. तसे म्हटल्याने यंत्राला काही होत नाही. तो भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसतो, आणि ते माणूस आपलीच चूक समजून तो वाहत राहते.